मोबाइलमधील खतावणी आणि मेजावरील संगणक

व्यापाराचा आरंभ वस्तूपासून होतो. परंतु त्याची स्थिरता नोंदीवर अवलंबून असते. ज्या पेढीची नोंद चोख, तिची पत चोख, हे आपल्या वाडवडिलांनी अनुभवाने जाणलेले सत्य आहे. आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ मधील एक शिलालेख आहे. देवाच्या बागेसाठी दिलेली जमीन १८७ हात व २७० हात मापाची असून तीतून नित्य ५० माळा देवास मिळाव्यात, अशी तीत नोंद आहे. त्यातील २७० व ५० या आकड्यांत शून्याचे चिन्ह स्पष्ट कोरलेले असल्यामुळे गणिताच्या इतिहासात या लेखास मोठा मान आहे. परंतु व्यापाऱ्याने त्याकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. किती माप, किती माळा, कोणत्या हेतूने, हे सारे त्यात नमूद आहे. ज्यास पाहावयाचे त्यास ते पाहता येते. आणि कोणासही ते गुपचूप बदलता येत नाही. पाहता यावे व गुपचूप बदलता येऊ नये, हेच चांगल्या वहीचे दोन गुण होत.

आज वही कागदावरून मोबाइलमध्ये गेली आहे. हरिशंकरपुरमसारख्या वसाहतीतील किराण्याचे दुकान असो, वा लष्करातील दाल बाजार, दौलतगंज व सराफा येथील जुनी पेढी असो. उधारी, वसुली, मालाचा साठा व पावत्या या सर्वांची नोंद हातातील यंत्रावर होऊ लागली आहे. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु वर सांगितलेल्या दोन गुणांचे काय झाले, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. मोबाइलच्या लहानशा पडद्यावर एका वेळी आठ-दहा ओळी दिसतात. संपूर्ण वही एका दृष्टीत येत नाही. ती वही वस्तुतः कोठे आहे, मेजावरील संगणकावर ती कशी उघडावी, उघडल्यावर काय पाहावे, आणि कोणत्या गोष्टीस हात लावू नये, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

डेटाबेस म्हणजे काय

ॲपमध्ये आपण जी नोंद करतो, ती डेटाबेस नावाच्या रचनेत जाते. शब्द नवा असला तरी वस्तू आपल्या परिचयाची आहे. डेटाबेस म्हणजे अनेक तक्त्यांचा संच. एक तक्ता ग्राहकांचा, दुसरा पावत्यांचा, तिसरा वसुलीचा, चौथा मालाचा. प्रत्येक तक्त्यात उभे रकाने ठरलेले असतात आणि प्रत्येक आडवी ओळ ही एक नोंद असते. खतावणीत जसे प्रत्येक आसामीचे पान ठरलेले असते व रोजकीर्दीतील नोंदीपुढे खतावणीचा पानक्रमांक लिहितात, तसाच येथे प्रत्येक ग्राहकास एक क्रमांक असतो व पावतीच्या ओळीत ग्राहकाचे नाव न लिहिता तो क्रमांक लिहिला जातो. ग्राहकाचा पत्ता बदलला तर तो एकाच ठिकाणी बदलावा लागतो. शंभर पावत्या पुन्हा लिहाव्या लागत नाहीत. तक्त्यांचे परस्परसंबंध अशा क्रमांकांनी जोडण्याची ही पद्धती एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० मध्ये मांडली.

मोबाइलमधील बहुसंख्य ॲपे यासाठी एसक्यूलाइट नावाचे साधन वापरतात. रिचर्ड हिप नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी ते २००० मध्ये, तेथील नौदलाच्या एका युद्धनौकेसाठी संगणकाचे काम करीत असता, निर्माण केले व सर्वांस विनामूल्य खुले केले. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्यास वेगळा सेवकसंगणक लागत नाही. सर्व तक्ते एकाच फाइलीत मावतात. ती फाइल उचलून दुसऱ्या यंत्रावर नेली तर तेथेही ती तशीच उघडते. अँड्रॉइड व ॲपल या दोन्ही जातींच्या मोबाइलांत हे साधन मुळातच बसविलेले असते.

वही कोठे आहे, हा पहिला प्रश्न

ॲपची वही तीनपैकी एका ठिकाणी असते. काही ॲपांत ती केवळ मोबाइलच्या पोटात असते. काहींत ती ॲप चालविणाऱ्या संस्थेच्या दूरस्थ संगणकावर असते व मोबाइल हा केवळ खिडकीचे काम करतो. परंतु पुष्कळ ॲपांत ती दोन्हीकडे असते. नोंद प्रथम मोबाइलमध्ये होते आणि जोडणी मिळताच दूरस्थ संगणकावर जाते. आपल्या येथील व्यापार मेळ्याचे उदाहरण घ्या. १९०५ पासून भरत आलेल्या या मेळ्यात गर्दीच्या सायंकाळी जोडणी मंदावते. तेथील दुकानात केलेल्या पावत्या तोपर्यंत त्या मोबाइलमध्येच पडून असतात, आणि मूळ पेढीतील संगणकावर पाहणाऱ्या भावास विक्री कमी दिसते. येथे चोरी झालेली नाही. वही अजून पोहोचलेली नाही इतकेच. परंतु तो मोबाइल त्याच रात्री हरवला, तर न पोहोचलेल्या नोंदी त्याजबरोबर गेल्या, हेही तितकेच खरे.

म्हणून कोणतेही ॲप स्वीकारण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. मोबाइलची जोडणी बंद करावी, एक नोंद करावी, आणि ती टिकते काय ते पाहावे. नंतर जोडणी सुरू करून तीच नोंद मेजावरील संगणकावर किती वेळाने उमटते ते पाहावे. या पाच मिनिटांच्या प्रयोगाने वहीचे खरे घर कळून येते.

मोबाइल दार का उघडत नाही

मोबाइल तारेने संगणकास जोडला म्हणजे छायाचित्रे दिसतात, पण ॲपची वही दिसत नाही. यामुळे अनेकांचा गोंधळ होतो. याचे कारण असे की, मोबाइलची कार्यप्रणाली प्रत्येक ॲपला स्वतंत्र भाडेकरूप्रमाणे वागविते. प्रत्येकाची खोली निराळी व कुलूप निराळे. एका ॲपने दुसऱ्याच्या खोलीत डोकावू नये, हा त्यातील हेतू. हा निर्बंध आपल्याच हिताचा आहे. अन्यथा खेळाचे एखादे फुकट ॲप आपल्या उधारीची वही वाचून जाते. काही लोक हे कुलूप तोडून घेण्याचा सल्ला देतात. धंद्याच्या मोबाइलवर तसे कदापि करू नये. कुलूप एकदा तुटले की ते आपल्यासाठी तुटते तसेच परक्यासाठीही तुटते, आणि पैशांच्या देवघेवीची अनेक ॲपे अशा यंत्रावर चालण्याचेही नाकारतात.

तेव्हा संगणकावर वही पाहण्याचे प्रशस्त मार्ग तीन उरतात.

पहिला मार्ग, ॲपनेच दिलेल्या संगणकीय आवृत्तीचा. त्याच खात्याने संगणकावर प्रवेश करावा. सर्व तक्ते मोठ्या पडद्यावर दिसतात. नित्याच्या कामास हा उत्तम. मात्र येथे आपण वहीचे तेच रूप पाहतो, जे ॲपवाला दाखवू इच्छितो.

दुसरा मार्ग, निर्यातीचा व राखीव प्रतीचा. बहुतेक हिशेबी ॲपांत सर्व नोंदी तक्त्याच्या फाइलीत बाहेर काढण्याची सोय असते. काहींत संपूर्ण डेटाबेसची प्रत काढता येते. ती संगणकावर आणून उघडावी. स्वतंत्र तपासणीस हाच मार्ग योग्य.

तिसरा मार्ग, रचनाकाराचा. ज्या पेढीने स्वतःसाठी ॲप करवून घेतले असेल, तिच्या रचनाकारास धावत्या ॲपचा डेटाबेस संगणकावर प्रत्यक्ष पाहता येतो. त्यासाठी मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळा बोट टेकवावे लागते. मग विकसकाचे पर्याय उघडतात व त्यात यूएसबी डीबगिंग सुरू करता येते. तार जोडल्यावर मोबाइल संमती विचारतो. यानंतर अँड्रॉइड स्टुडिओ या विनामूल्य साधनातील ‘डेटाबेस इन्स्पेक्टर’ उघडले की सर्व तक्ते पडद्यावर येतात आणि मोबाइलवर नोंद करताच संगणकावरील ओळही बदलते. ही सोय २०२० मध्ये त्या साधनाच्या ४.१ या आवृत्तीपासून मिळू लागली. तथापि ती ॲपच्या चाचणीच्या आवृत्तीवरच व अँड्रॉइड ८ किंवा त्यापुढील प्रणालीवरच चालते. बाजारातून घेतलेल्या तयार ॲपवर चालत नाही. काम संपताच यूएसबी डीबगिंग बंद करणे अगत्याचे आहे.

प्रत घेताना होणारी चूक

डेटाबेसची फाइल उचलण्यात एक खोच आहे. आपल्या पेढ्यांत पूर्वी दिवसभराचे व्यवहार कच्च्या कीर्दीत टिपून घेत व सायंकाळी ते पक्क्या वहीत उतरवीत. एसक्यूलाइटमध्येही पुष्कळदा हीच रीत असते. नवीन नोंद मुख्य फाइलीत लगेच जात नाही. ती प्रथम शेजारच्या एका लहान फाइलीत जाते, जिच्या नावाच्या शेवटी ‘वॉल’ ही अक्षरे असतात. ती पुरेशी भरली, अथवा ॲप नीट बंद झाले, म्हणजे तीतील मजकूर मुख्य फाइलीत उतरतो. आता जर कोणी केवळ मुख्य फाइल उचलली, तर पक्की वही आली व कच्ची कीर्द मागे राहिली असे होते. शेवटच्या काही तासांचे व्यवहार दिसत नाहीत, आणि विनाकारण नोकरावर संशय येतो. म्हणून ॲप पूर्ण बंद करून प्रत घ्यावी, सोबतच्या सर्व फाइली एकत्र उचलाव्यात, किंवा सर्वांत उत्तम म्हणजे ॲपमधील राखीव प्रतीची सोयच वापरावी.

प्रत हाती आल्यावर तिची आणखी एक प्रत करावी आणि पहिलीस हात न लावता दुसरी उघडावी. यासाठी ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ हे विनामूल्य साधन चांगले आहे. त्यात केवळ वाचनासाठी डेटाबेस उघडण्याची आज्ञा आहे. नवशिक्याने तीच वापरावी. उघडल्यावर प्रथम ‘इंटेग्रिटी चेक’ ही तपासणी चालवावी. ‘ओके’ असे उत्तर आले तर फाइल धड आहे. अन्यथा प्रत पुन्हा घ्यावी. राखीव प्रत कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात असेल, तर ती या साधनात उघडणार नाही. तो दोष नसून सुरक्षितता आहे. अशा वेळी निर्यातीचा मार्ग घ्यावा.

वही वाचण्याची रीत

तक्ता नुसता डोळ्यांखालून घातल्याने फारसे कळत नाही. त्यास प्रश्न विचारावा लागतो. प्रश्न विचारण्याची एसक्यूएल नावाची भाषा १९७४ मध्ये आयबीएम या कंपनीत तयार झाली. तिचे सूत्र साधे आहे. काय निवडावयाचे ते ‘सिलेक्ट’ने सांगावे, कोणत्या तक्त्यातून ते ‘फ्रॉम’ने, कोणत्या अटीवर ते ‘व्हेअर’ने, व कसे गट पाडावयाचे ते ‘ग्रुप बाय’ने. वाक्य यंत्रावर रोमन लिपीत टंकावे लागते, परंतु त्यातील विचार आपल्या मुनिमाचाच आहे.

कल्पना करा की, ग्राहक क्रमांक १७ च्या तीन पावत्या आहेत : ४,२५० रुपये, १,८७५ रुपये ५० पैसे आणि ३,६०० रुपये. एकूण ९,७२५ रुपये ५० पैसे. त्याची वसुली दोन वेळा झाली : ५,००० व २,००० रुपये, म्हणजे ७,०००. बाकी २,७२५ रुपये ५० पैसे. संगणकावर दोन्ही तक्त्यांची स्वतंत्र बेरीज करावी, वजाबाकी करावी, आणि मोबाइलवर दिसणाऱ्या बाकीशी ती ताडून पाहावी. दहा ग्राहकांची अशी पडताळणी जुळली, तर ॲपच्या हिशेबावर विश्वास ठेवण्यास आधार मिळतो.

दुसरी परीक्षा याहून महत्त्वाची आहे. सर्व पावत्यांची सरळ बेरीज करावी; नंतर ग्राहकवार बेरीज करून तिची एकूण काढावी. समजा, पहिली ३,८४,६०० व दुसरी ३,८१,१५० आली. मधले ३,४५० रुपये कोठे गेले? बहुधा कोणीतरी एका ग्राहकाचे नाव काढून टाकले असते आणि त्याच्या पावत्या मागे अनाथ राहिलेल्या असतात. एसक्यूलाइटमध्ये तक्त्यांच्या संबंधांचा पहारा आपोआप चालू नसतो. रचनाकाराने तो मुद्दाम चालू करावा लागतो. जुन्या वहीत तेरीज न जुळल्यास मुनीम जसा रात्रभर बसून फरक शोधी, तसाच हा फरक शोधावा. मात्र काही ॲपे खोडलेली नोंद नाहीशी न करता तिच्यापुढे केवळ ‘रद्द’ असे चिन्ह करून ठेवतात. अशा ओळी बेरजेतून वगळण्याचे ध्यानात असू द्यावे.

आकडे फसवितात असे चार प्रसंग

पहिला प्रसंग पैशांचा. काही डेटाबेसांत रक्कम रुपयांत नसून पैशांत असते. २,७२५ रुपये ५० पैसे हे तेथे २७२५५० असे दिसतात. ते पाहून घाबरू नये. उलट ही पद्धत अधिक चांगली. कारण संगणक दशांश अपूर्णांक द्विमान अंकांत साठवितो व दहावा भागदेखील त्यास अचूक साठविता येत नाही. हजारो ओळींच्या बेरजेत त्यामुळे पैशा-दोन पैशांचा फरक पडू शकतो. पूर्णांकांत तसे होत नाही.

दुसरा प्रसंग वेळेचा. संगणक पुष्कळदा १ जानेवारी १९७० पासून लोटलेले सेकंद मोजून वेळ लिहितो, तोही ग्रीनिचच्या मानाने. भारताची वेळ त्याहून साडेपाच तास पुढे. आता मंडईतील आडत्याने १ एप्रिलच्या पहाटे ४ वाजता केलेली पावती या मानाने ३१ मार्चच्या रात्री १०॥ ची ठरते, म्हणजे मागील आर्थिक वर्षात जाते! भारतात १ एप्रिल २०२५ चा दिवस ज्या क्षणी सुरू झाला, तो क्षण अशा डेटाबेसात १७४३४४५८०० असा लिहिला जातो. वर्षाची बेरीज काढताना सीमा या भारतीय क्षणावर घालावी. ग्रीनिचच्या मध्यरात्रीवर नव्हे. काही ॲपे सेकंदांऐवजी त्यांचे सहस्रांश लिहितात. मग आकडा दहाऐवजी तेरा स्थानांचा होतो.

तिसरा प्रसंग आरंभीच्या शून्याचा. डाळींचा वर्गीकरणक्रमांक ०७१३ आहे. निर्यात केलेली फाइल संगणकाच्या हिशेबतक्त्यात सरळ उघडली, तर तो क्रमांकास संख्या समजून ७१३ करून टाकतो. तसेच पंधरा अंकांहून लांब बँकखात्याच्या क्रमांकाचे शेवटचे अंक शून्य होऊन बसतात. ज्या भूमीने शून्य कोरून ठेवले, तेथील व्यापाऱ्याने तरी शून्य हरवू देऊ नये. असे रकाने उघडण्यापूर्वीच ‘मजकूर’ म्हणून ठरवावेत.

चौथा प्रसंग लिपीचा. देवनागरीतील ग्राहकांची नावे उघडल्यावर अगम्य चिन्हांचा ढीग दिसतो, आणि माहिती बिघडली असा समज होतो. बहुधा बिघाड झालेला नसतो. फाइल ‘यूटीएफ-८’ या संकेतपद्धतीची असते व संगणक ती दुसऱ्या पद्धतीने वाचत असतो. फाइल आयात करताना ती पद्धती निवडली की अक्षरे पूर्ववत् दिसतात. न निवडता तीच फाइल पुन्हा साठवली, तर मात्र खरोखर बिघाड होतो.

पाहणे निराळे, बदलणे निराळे

येथवर पाहण्याचा विचार झाला. आता व्यवस्थापनाचा. संगणकावर डेटाबेस उघडला की कोणत्याही घरात दोनदा टिचकी मारून आकडा बदलता येतो. हे सामर्थ्य मोहक आहे आणि म्हणूनच धोक्याचे आहे. ॲपमधून नोंद करताना एका पावतीबरोबर साठा कमी होतो, ग्राहकाची बाकी वाढते, कराचा आकडा ठरतो. थेट तक्त्यात पावतीची रक्कम बदलली, तर या बाकीच्या गोष्टी जागच्या जागी राहतात व वही आतून दुभंगते. त्यातच दूरस्थ संगणकाशी जोडणी असेल, तर आपला बदल व मोबाइलवरील बदल यांत जो नंतर पोहोचेल तो आधीच्यास पुसून टाकतो, असेही अनेक ठिकाणी घडते.

कायद्याचा दंडकही स्पष्ट आहे. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमांतील ५६ व्या नियमानुसार कोणतीही नोंद खोडता, पुसता किंवा तिच्यावर दुसरी लिहिता येत नाही. आणि वह्या विद्युतरूपात असतील तर बदललेल्या वा काढलेल्या प्रत्येक नोंदीचा माग ठेवावा लागतो. ५७ व्या नियमाने अशा नोंदींची राखीव प्रत ठेवणे आवश्यक केले आहे. या वह्या त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावयाच्या असतात. कंपन्यांच्या बाबतीत तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाचे साधनच असे हवे, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते व ती बंद करता येत नाही. थेट तक्त्यात केलेला बदल असा माग न ठेवता होतो. हेतू निर्मळ असला तरी तपासणाऱ्यापुढे तो लपवाछपवीसारखाच दिसेल.

यास्तव चुकलेली नोंद ॲपमधूनच उलट नोंद करून दुरुस्त करावी. मूळ चूक दिसू द्यावी, दुरुस्ती दिसू द्यावी, आणि कारण लिहावे. ग्राहकांची नावे दोनदा पडणे, मोबाइल क्रमांक चुकणे अशा बाबींत, स्वतःच्या ॲपवर, रचनाकाराच्या हातून थेट दुरुस्ती अपरिहार्य झालीच, तर प्रथम राखीव प्रत घ्यावी, संपूर्ण काम एका व्यवहारात बांधावे, बेरजा पूर्ववत् जुळल्या तरच ते कायम करावे, न जुळल्यास परत फिरवावे. वर उल्लेखिलेल्या साधनात बदल कायम करण्याची व मागे घेण्याची अशी दोन बटणे शेजारी शेजारी आहेत, ती याचसाठी.

महाराष्ट्रातील एक उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथील शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू केली. शेतकरी शेतात उभा राहून मोबाइलवर आपल्या पिकाची नोंद छायाचित्रासह करतो व ती नोंद पुढे सातबारा उताऱ्यावर येते. लिहिणारा शेतात व वही शासनाच्या संगणकात, अशी ही व्यवस्था. तिच्यात शेतकऱ्यास दुरुस्तीसाठी मर्यादित मुदत दिलेली आहे व काही नोंदींची पडताळणी महसूल कर्मचाऱ्याने करावयाची आहे. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, आणि दुरुस्तीस मुदत, हे तीन नियम लहानशा दुकानासही लागू पडतात. काउंटरवरील मुलाने नोंद करावी. संगणकावर ती मालकाने वा मुनिमाने तपासावी. आणि दिवस बंद झाल्यावर मागील तारखेत कोणी हात घालू नये.

वहीची सुरक्षितता

वहीत केवळ आपले आकडे नसतात; ग्राहकांची नावे, क्रमांक व देणी असतात. कोणाकडे किती उधारी आहे, हे त्याच्या शेजाऱ्यास कळले तर त्याची अब्रू जाते व आपल्यावरील विश्वासही जातो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाने अशा माहितीच्या रक्षणास कायद्याचे बळ दिले. आपल्याकडे मात्र तो पेढीचा धर्म पूर्वीपासूनच होता. म्हणून संगणकावर आणलेली प्रत काम संपल्यावर उघडी पडू देऊ नये. अनोळखी माणसाने दूरध्वनीवरून ‘ॲप दुरुस्त करून देतो’ म्हणून संगणकाचा ताबा मागितल्यास तो देऊ नये. डेटाबेसमधील खोडलेली ओळ तत्काळ नष्ट होत नाही; तिची जागा दुसरा मजकूर घेईपर्यंत ती फाइलीत राहू शकते. तेव्हा जुना मोबाइल विकताना नुसते ॲप काढणे पुरेसे नाही. संपूर्ण यंत्र मूळ स्थितीस आणावे.

राखीव प्रतींचा जुना दंडक असा : प्रती तीन, साधने दोन, आणि एक प्रत दुकानाबाहेर. दुकानास आग लागली वा पाणी शिरले तरी वही वाचली पाहिजे. दर महिन्यास एक प्रत प्रत्यक्ष उघडून पाहावी. कारण कधीही न उघडलेली राखीव प्रत म्हणजे कधीही न मोजलेली रोकड होय.

वहीचे आणखी एक मोल न्यायालयात असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २८ व्या कलमात, व्यवसायाच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या विद्युतरूप वह्यांचाही उल्लेख आहे. मात्र केवळ वहीवरून कोणावर देणे लादता येत नाही, हे तत्त्व कायम आहे. ६३ व्या कलमानुसार विद्युत नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते व त्यात फाइलीचा ‘हॅश’ नमूद करावयाचा असतो. हॅश म्हणजे फाइलीवरून गणिताने काढलेली एक ठशासारखी खूण. एक अक्षर बदलले तरी खूण बदलते. वर्षअखेरीची प्रत काढताच तिची ही खूण कागदावर लिहून, तारीख घालून ठेवण्याची सवय लावली, तर पुढे वाद उद्भवल्यास ‘ही वही तेव्हाचीच आहे’ असे सांगण्यास भक्कम आधार राहील. शिलालेखाचा न बदलण्याचा गुण या साध्या उपायाने काही अंशी आजच्या वहीस देता येतो.

ॲप घेण्यापूर्वीचे पाच प्रश्न

आपली वही आपली राहावी, यासाठी विक्रेत्यास पुढील पाच प्रश्न अवश्य विचारावेत. माझ्या नोंदी कोठे साठविल्या जातात? त्या सर्व, तक्त्यांच्या रूपात, माझ्या संगणकावर मला केव्हाही व विनामूल्य काढून घेता येतील काय? वर्गणी बंद केल्यास किंवा तुमची संस्था बंद पडल्यास जुनी वही मला वाचता येईल काय? प्रत्येक बदलाचा माग राहतो काय व तो मला पाहता येतो काय? नोकरास केवळ लिहिण्याचा व मुनिमास केवळ पाहण्याचा असे निरनिराळे अधिकार देता येतात काय?

यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर ते ॲप कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. कारण ज्या वहीची प्रत आपणांस काढता येत नाही, ती वही आपली नसते. ती दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवलेली आपली पत असते.

दिवाळीस आपण वहीपूजन करतो. ज्यांची वही आता मोबाइलमध्ये आहे, त्यांनीही ते अवश्य करावे. आणि त्याच दिवशी संपूर्ण डेटाबेसची प्रत संगणकावर घेऊन, बेरजा जुळवून, तिची खूण लिहून ठेवावी. संघटनेच्या तरुण सभासदांनी दोन-तीन सायंकाळी एकत्र बसून वडीलधाऱ्यांना हे कृतीने दाखविले, तर ज्यांस संगणकाचे भय वाटते त्यांनाही कळून येईल की, येथे रोजकीर्द, खतावणी व तेरीज यांहून निराळे काही नाही. साधन बदलले आहे. चोख नोंदीचा नियम तोच आहे.